उपरण्याच्या आडोशाला

एकदा एक वृद्ध व्यापारी बैल विकत घ्यायला निघाला, आणि निघाला तो नेमका तिकडे, जिकडून लोक जीव मुठीत धरून पळून येत होते.

अशा माणसाला आपण काय म्हणू? वेडा म्हणू, नाहीतर लोभी. त्याच्या बरोबरीने चालणाऱ्या शिष्याच्या मनातही वाटेत या दोन्ही शंका येऊन गेल्या. शिष्य म्हणजे पोथी शिकणारा नव्हे. बैलाचे दात कसे पाहावेत, खूर कसा उचलावा, विकणारा खोटं बोलायला लागला की त्याचे डोळे कुठे जातात, हे शिकायला तो या वृद्धाकडे उमेदवारी करत होता. सगळा मुलूख त्या वृद्धाला आबा म्हणे, म्हणून आपणही आबाच म्हणू.

त्या मुलखात दोन समाज नांदत. एक नदीकाठचा, एक डोंगरातला. बोली वेगळी, देव वेगळे, पागोटं बांधायची तऱ्हासुद्धा वेगळी. बाजार मात्र एकच. डोंगरातले लोक बैल घेऊन खाली उतरत, नदीकाठचे लोक मीठ आणि कापड घेऊन वर चढत. मग एका वर्षी कुरणावरून वाद झाला, वादाची मारामारी झाली, आणि मारामारीच्या हातात बंदुका आल्या. पहिली चूक कुणाची, हे दोन्हीकडच्या माणसांना तोंडपाठ होतं; फक्त दोन्हीकडचं पाठांतर वेगळं होतं. बाजार मोडला. वाटेवर नाके बसले. दोन्हीकडून शहाणी, अधिकारी माणसं एकदा तंबूत समोरासमोर बसून आली. त्यांच्या मनात खोट नव्हती. पण प्रत्येकाच्या पाठीशी त्याचीच माणसं कान टवकारून उभी होती. त्यामुळे जो तो समोरच्याशी न बोलता पाठीमागच्यांशीच बोलत राहिला, आणि तंबू उठला.

हे सारं पेटलं त्या दिवशी शिष्याचा थोरला भाऊ मिठाची गोणी घेऊन वर गेलेला होता. तो परत आला नाही. जिवंत आहे, नाईकाच्या वाड्यावर गुरं राखतोय, एवढीच उडती बातमी. नाईक म्हणजे डोंगरातल्या लोकांचा म्होरक्या. घरी आई थोरल्याची जुनी चप्पल दररोज दिवेलागणीला ओट्यावरून आत घेई आणि उजाडताच पुन्हा बाहेर मांडून ठेवी. कुणी काही विचारलं तर म्हणे, "ऊन लागू दे. नाहीतर चामडं आखडतं."

म्हणून आबा जेव्हा म्हणाले, "मी वर जातो आहे, नाईकाकडे एक चांगला बैल आहे म्हणतात," तेव्हा शिष्याने त्यांचे पायच धरले. "आबा, मला न्या. आणि बैलाचं राहू द्या, माझ्या दादाला सोडवा."

"तुला नेतो," आबा म्हणाले. "पण तिथे मी तोंड उघडेपर्यंत तू उघडायचं नाहीस."

"आणि तुम्हाला पाठवतंय कोण? सरकार? पंच?"

"कुणीच नाही. म्हणून तर जाता येतं."

निघण्याच्या सकाळी दोन चमत्कारिक गोष्टी घडल्या. आबांनी पेटीतून कोरं करकरीत उपरणं काढलं. दोन्ही हातांत धरून उजेडात पाहिलं. आणि मग, एखादा माणूस भाकरी मोडतो तितक्या सहजपणे, त्याचा एक काठ टरकन फाडला.

शिष्य हबकला. "आबा! नवं होतं की हो!"

"होतं खरं."

"मग घाला माझं. हे बघा, चांगलं आहे."

"तुझं तू घाल बाबा. मला फाटकं हवं आहे."

दुसरी गोष्ट. बैल आणायला जाणारा व्यापारी दावं घेतल्याशिवाय घर सोडत नाही. कारण आमच्या धंद्यातली सर्वत्र चालत आलेली रीत अशी, की विकणारा बैल देतो पण दावं देत नाही. गळ्यातलं दावं तो सोडून घेतो आणि आपल्या गोठ्यात परत टांगतो. दाव्याबरोबर घरची बरकत जाते अशी समजूत. म्हणून घेणाऱ्याने आपलं दावं आपण न्यायचं. आबांचं दावं खुंटीला होतं. आबा त्याच्याखालून वाकून बाहेर पडले.

"आबा, दावं राहिलं!"

"राहू दे."

"अहो, बैल आणायचा कसा मग?"

"बघू."

शिष्याच्या मनात आलं, म्हातारपणाने यांचं डोकं फिरलेलं दिसतंय, आणि माझ्या दादाचा जीव या डोक्याच्या भरवशावर.

नदीकाठचं शेवटचं गाव आलं तेव्हा आबा वाट सोडून एका घराकडे वळले. कुडाचं घर, अंगणात शेळी. दारात एक म्हातारी सूप पाखडत बसली होती. आबांना पाहताच ओरडली, "आलास का रे भटक्या? मला वाटलं, तुला कुणीतरी गोळी घातली असेल."

"माझ्यावर गोळी कोण वाया घालवतंय? सून कुठाय तुझी?"

म्हातारी एकदम सावध झाली. "कशाला हवीय तुला? बाबा, गावातले येऊन बोलून गेलेत, डोंगरातली बाई घरात ठेवू नका म्हणून. मी सांगितलंय त्यांना, तिला बोट लावायचं तर आधी माझ्या अंगावरून जा. आता मी एवढीशी, माझ्या अंगावरून जायला काय वेळ लागतोय! पण लाजले मेले. गेले निघून."

आतून सून बाहेर आली. हनुवटीवर डोंगरातल्या बायकांचं गोंदण. लग्न होऊन आली तेव्हा तो गावाच्या कौतुकाचा विषय होता. आता पाणवठ्यावर बाया तिला पाहून घागर उचलून बाजूला होत. शिष्याने ते गोंदण पाहिलं आणि मान फिरवली. ही तर त्यांच्यातली. माझ्या दादाला धरून ठेवणाऱ्यांतली.

तिने दोन तांबे पाणी आणलं. आबा गटागटा प्यायले. शिष्य म्हणाला, "मला तहान नाही." चढणीवरून आलेल्या माणसाला तहान नाही! तिला ते कळलं. तिने तांब्या पुन्हा आत नेला.

आबांनी खांद्यावरचं उपरणं तिच्यापुढे धरलं. "पोरी, एवढं शिवून देतेस? वाटेत कुठे काट्याला अडकलं वाटतं."

शिष्याने चमकून आबांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्याने आबांना गिऱ्हाइकाशीसुद्धा खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

तिने उपरणं हातात घेतलं, फाटलेली कड बोटांनी चाचपली. काट्याची फाट आणि हाताची फाट यांतला फरक कुठल्या बाईला कळत नाही? तिने एकदा आबांच्या डोळ्यांत पाहिलं. मग विचारलं, "वर चालला आहात का, आबा?"

"बैल बघायला."

"कुणाकडे?"

"चांगला बैल असेल त्याच्याकडे."

तिने आतून सुई-दोरा आणला. मग जोत्यावर उजेडाला बसून शिवायला लागली. दोन टाके पुढे, एक मागे. दोन टाके पुढे, एक मागे. शेवटी तिने दोरा तोडला नाही, तर वळवून त्याची पाखराच्या पावलासारखी तीन बोटांची गाठ घातली. मग ती गाठ तिने आपल्या अंगठ्याने दाबून दाबून बसवली, जणू काही ती सुटली तर फार मोठं नुकसान होणार होतं.

"घाई नाही ना?" आबांनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. आणि उपरण्याची घडी घालताना तिने ते क्षणभर गालाला लावलं. शिष्याला वाटलं, घाम पुसला असेल.

नाक्यावर नदीकाठच्या शिपायांनी दोघांना उभं केलं. चिठ्ठी-चपाटी, निरोप, शस्त्र, काही आहे का, म्हणून बंडीच्या शिवणीसुद्धा उसवून पाहिल्या. तिकडे निरोप नेणं हा गुन्हा होता. तसाच तो पलीकडच्या नाक्यावरही होता.

"काय नेतोस, म्हाताऱ्या?"

"रिकामे हात आणि शिवलेलं उपरणं."

"व्यापारी म्हणवतोस आणि फाटकी वस्त्रं?"

"तुम्ही लढाया करता आहात, दादा. आम्ही नवी कुठून घ्यायची?"

शिपायाला हसू आलं. त्याने उपरणं झटकून परत आबांच्या खांद्यावर टाकलं. वरच्या नाक्यावरही तेच झालं, फक्त बोली वेगळी.

नाईकाचा वाडा म्हणजे दगडी गडग्याच्या आत दोन-चार घरं आणि मोठा गोठा. गडग्यावर हत्यारबंद तरुण बसलेले. ओसरीवर नाईक. पूर्वी बाजाराच्या दिवशी आबांना पाहून लांबूनच हाका मारणारा तो धिप्पाड माणूस आता खंगला होता, पण आवाज तसाच ठेवला होता.

"या शेटजी! नदीकाठचे लोक अजून जिवंत ठेवलेत का आम्ही?"

"थोडे राहिलेत, नाईक. तुमच्याकडचं मीठ संपलं की आठवण येईल."

गडग्यावरचे तरुण या बोलण्यावर खिदळले. नाईक हसला नाही. "काम बोल. दिवस मावळायच्या आत तुम्ही दोघं खालच्या नाक्यापार झाले पाहिजेत. अंधारात माझी पोरं ओळख विचारत बसत नाहीत."

"बैल बघायचाय."

तेवढ्यात गोठ्यातून एक माणूस कवड्या रंगाच्या एका देखण्या बैलाला बाहेर घेऊन आला. माणूस वाळून काठी झाला होता, दाढी वाढलेली. बैलाने मात्र लाडाने आपली मान त्याच्या काखेत घातलेली. शिष्याने एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि आबांना दिलेला शब्द विसरला.

"दादा!"

तो धावला. बंदुकीच्या दोन नळ्या आडव्या आल्या. तिथेच गुडघ्यांवर कोसळून तो नाईकाकडे हात जोडून रडू लागला. "नाईक, माझा भाऊ आहे हो. मिठाची गोणी घेऊन आला होता, त्याने कुणाचं काही केलेलं नाही. सोडा त्याला. आई वाट बघतेय. पाया पडतो, सोडा त्याला!"

गडग्यावरचा प्रत्येक चेहरा नाईकाकडे वळला. ज्यांचे भाऊ खालच्या गोळीने गेले होते, असेही त्यांत होते. नाईकाने ते चेहरे पाहिले. मग तो उठून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ऐका रे! या दारात येऊन जो कुणी या कैद्याला मागेल, त्याच्या हाती तो जिवंत लागणार नाही. हा माझा शब्द."

आपल्याच तोंडाने आपण दादाच्या सुटकेचं दार लावून घेतलं, हे शिष्याला कळलं. थोरल्याने लांबूनच मान हलवली, गप्प राहा अशा अर्थाची, आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

आबा मात्र जणू काही घडलंच नाही अशा थाटात बैलाभोवती फिरले. दात पाहिले. खूर उचलला. वशिंडावरून हात फिरवला.

"नाईक, पाठ जरा उतरती आहे."

"डोळे उतरते असतील तुझे!"

"बसा तर. बोलू."

दोघं ओसरीवर समोरासमोर बसले. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर पसरलं. ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमचा सौदा तोंडाने होत नाही. तोंडाने होते ती केवळ करमणूक. खरा भाव वस्त्राखाली बोटांनी ठरतो. किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, यावरून एकमेकांना कळतं. भोवती उभ्या असलेल्यांना शेवटपर्यंत काही कळत नाही. त्यामुळे भावात उतरावं लागलं तरी कुणाची मान खाली जात नाही.

"बोल!" नाईक गरजला. "हा बैल तुझ्या बापाने पाहिला होता का?"

"बापाने पाहिला नव्हता, म्हणून तर चार दिवस जास्त जगला. लाथ मारतो का हा?"

"नदीकाठचा माणूस दिसला तर मारतो."

तरुण पुन्हा खिदळले. वरून हे चालू होतं, आणि उपरण्याखाली हात हलत होते. शिष्य डोळे पुसत पाहत होता. एकाएकी ते हलणं थांबलं.

नाईकाचा चेहरा होता तसाच होता. पण त्याचं बोलणं मधेच तुटलं. उपरण्याखाली त्याची बोटं आबांच्या हातावरून सरकून कापडाच्या काठाकडे गेलेली दिसली. तिथे ती शोधत राहिली, सावकाश, आंधळ्या माणसासारखी. पुढे गेली, मागे आली. काठाच्या टोकाशी जाऊन थबकली.

"काय झालं, नाईक?" गडग्यावरून एकाने विचारलं. "कमी बोलला का म्हातारा?"

"चोर आहे!" नाईक म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. त्याने खोकून घेतलं. "धूर फार आहे इथे." चूल तर केव्हाच विझलेली होती.

त्यानंतर उपरण्याखाली काहीच हललं नाही. दोन म्हातारे तसेच बसून राहिले. वरचं भांडण मात्र आबांनी एकट्याने चालू ठेवलं, बैलाचं शिंग वाकडं आहे, शेपूट आखूड आहे, चाल घोड्याची आहे. आणि नाईक नुसता "हूं", "हूं" करत होता. सूर्य कलायला लागला तेव्हा नाईकाने एक दीर्घ श्वास घेतला आणि हात झटक्याने बाहेर काढला.

"घेऊन जा! बैल दिला. कटकट मिटव."

आबांनी कमरेची पिशवी सोडून त्याच्यापुढे ठेवली. नाईकाने ती उघडूनही पाहिली नाही. तो उतरून बैलाजवळ गेला, रीतीप्रमाणे त्याच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि आपल्या खांद्यावर टाकलं. मग आबांकडे वळून म्हणाला, "तुझं दावं काढ."

"दावं?" आबांनी स्वतःकडे खालीवर पाहिलं. "राहिलं वाटतं घरी."

"अरे, बैलाचा व्यापारी ना तू?"

"म्हातारा झालो, नाईक."

अंगणात हशा पिकला. हशा ओसरेपर्यंत नाईक आबांच्या तोंडाकडे पाहत राहिला. काय पाहिलं त्याने कुणास ठाऊक. मग तो गडग्याकडे तोंड करून मोठ्याने बोलला, "आमचं दावं आम्ही देत नाही, ही वाडवडलांची रीत. आणि हा कवडा बैल, दावं नसलं तर, या काडीपहिलवानाच्या हाकेशिवाय पाऊल टाकत नाही. वाटेत उधळला तर हा म्हातारा उद्या येऊन माझ्या नावाने बोंबलेल. ए, तू! जा हाकत याच्या संगती. आणि पुन्हा इकडे तोंड दाखवू नकोस. बैलापेक्षा जास्त खातोस."

गडग्यावरून एक तरुण खाली उडी मारून आला. "नाईक, तुम्ही शब्द दिलाय!"

"काय दिलाय?"

"कैदी देणार नाही."

"जो मागेल त्याला देणार नाही, असं म्हणालो. या शेटजीने मागितला का? त्याने बैल मागितला. मी बैल दिला. आता तो हाकायला माझ्या माणसाने खाली जायचं? तू जातोस?"

तरुणाने आजूबाजूला पाहिलं. त्याच्या मागोमाग गडग्यावरून कुणीच उतरलं नाही. एक जण तर खाली पाहून मिशीतल्या मिशीत हसत होता. तरुण दोन पावलं मागे सरला.

निघताना घरातून नाईकाची बायको बाहेर आली. ओसरीवर पडलेलं उपरणं उचलून म्हणाली, "दारातून माणूस उपाशी गेला तर आम्हालाच पाप. भाकऱ्या बांधून देते," आणि ते आत घेऊन गेली. भाकऱ्या बांधायला तिला नको इतका वेळ लागला. "आटप की!" म्हणून नाईक एकदा खेकसला, पण दाराकडे पाठ करून.

दोन्ही नाके मागे पडले. मग एका वळणावर थोरला मटकन खाली बसला आणि धाकट्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला. बैल बिचारा थांबून, मान वळवून त्याच्याकडे पाहत राहिला. बऱ्याच वेळाने धाकट्याने विचारलं, "आबा, उपरण्याखाली तुम्ही त्याला काय भाव सांगितलात?"

"काहीच नाही."

"मग बोटांनी काय बोलत होता?"

"सुरुवातीला नुसतं रीतीपुरतं. मग त्याला टाका लागला. त्यानंतर त्याने माझा हात धरला, आणि मी धरू दिला. बस्स."

"टाका? त्या बाईचा?"

आबा वाटेकडेच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "ती नाईकाची लेक. लढाई पेटली तेव्हा वरच्या लोकांनी ठरवलं, आपल्या ज्या लेकी खाली दिल्या त्या मेल्या असं समजायचं, त्यांचं नाव काढायचं नाही. आणि ज्याने ठराव मांडायचा त्याला आपल्या घरापासून सुरुवात करावी लागते. त्या दिवसापासून ती जिवंत आहे की नाही, हे त्या माणसाला कुणाला विचारता आलेलं नाही. म्होरक्या आहे ना! त्या घरातल्या बायकांचा टाका आणि शेवटची गाठ त्यांची स्वतःची आहे. आई लेकीला शिकवते. नाईक जन्मभर तसल्याच टाक्यांच्या वाकळीत झोपला आहे. अंधारातही बोटांना ओळखू येतो तो. आणि कोऱ्या कापडावरचा ताजा दोरा म्हणजे हात आजचा. हे मी तोंडाने सांगितलं असतं, तर त्याला मला हाकलून द्यावं लागलं असतं. तू दादाला मागितलंस तेव्हा त्याला नाही म्हणावं लागलं ना, तसंच."

शिष्याची मान खाली गेली. "माझ्यामुळे घात होणार होता."

"तू भाऊ आहेस. भाऊ ओरडणारच." आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पण एवढं ध्यानात ठेव. आपल्याला वाटतं, वैर करणारा माणूस आतून दगड झालेला असतो. तसं फार थोड्यांचं होतं. बाकीच्यांना चांगलं वागायचं असतं, आणि चारचौघांत वागता येत नसतं. वाईट वागायला माणसाला आडोसा लागतो असं लोक म्हणतात. लढाईच्या दिवसांत आडोसा लागतो तो चांगलं वागायला. आपण तो घेऊन जायचा. हातभर कापड पुरतं."

"आणि दावं? ते तुम्ही मुद्दाम विसरलात. त्याने दादालाच बैल हाकायला द्यावं म्हणून."

"त्याला काय सुचेल ते मला कुठे ठाऊक होतं? मी सगळंच बरोबर नेलं असतं, तर त्याने माझ्यासाठी करण्यासारखं काही उरलं नसतं. म्हणून एक जागा रिकामी ठेवली. ती कशाने भरायची ते त्याने ठरवलं. मोठा माणूस आहे."

दिवस मावळायच्या बेतात असताना ते पुन्हा त्या कुडाच्या घरापाशी आले. सून अंगणातच उभी होती. सकाळपासून तिथेच असावी. बैलाला पाहताच तिचा हात तोंडाकडे गेला. तिच्या माहेरच्या गोठ्यातलं वासरू होतं ते, आता एवढं मोठं झालेलं. बैल तिचा हात हुंगत उभा राहिला.

आबांनी काखेतलं भाकऱ्यांचं गाठोडं तिच्या हातात दिलं. "सोड गं हे. मला गाठ सुटेना."

तिने गाठ सोडली. भाकऱ्या सासूच्या सुपात ठेवल्या आणि उपरणं पसरलं. एका काठावर तिचा सकाळचा टाका होता. दुसरा काठ सकाळी धड होता. आता तोही फाटलेला होता, आणि शिवलेला होता. दोन टाके पुढे, एक मागे. शेवटी पाखराचं पाऊल.

ती खाली बसली. त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा, टोकापासून टोकापर्यंत. मग हळूच म्हणाली, "वाकडे पडलेत. आईचा हात कापतो आता."

सासूने सूप बाजूला सारलं, सरकत सरकत जवळ आली आणि आपल्या पदराने तिचे डोळे पुसून म्हणाली, "कापू दे गं. शिवतोय ना?"

शिष्य अंगणाच्या कडेला उभा होता. त्याचा भाऊ शेजारी होता, घरी ओट्यावर चप्पल वाट पाहत होती, आणि तरीही त्याचा पाय निघत नव्हता. अखेर तो पुढे झाला, तिच्यापासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "ताई, पाणी देता? सकाळपासून तहान लागलीय."

तिने डोळे वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग उठली आणि तांब्या भरून घेऊन आली.

त्या एका खेपेने लढाई थांबली, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण पुढच्या महिन्यात दुसरा एक व्यापारी बैल बघायला वर गेला, आणि जाताना दावं न्यायला विसरला.

तुमच्या-आमच्या घरात, भाऊबंदकीत, शेजारात कुणी ताठ मानेने बसलेला असेल, तर त्याच्याकडे जाताना मागणं घरी ठेवा आणि उपरणं तेवढं बरोबर न्या.